रेखाच्या पापण्या

गेल्या मंगळवारी रेखाला घेऊन सिडकोत मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. रेखा म्हणजे माझी बायको, चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. मी मुकुंदवाडीच्या एका शाळेत पी.टी.चा शिक्षक... हे मुद्दाम सांगतोय, कारण माझी चूक तिथूनच झाली.

दिवाळीनंतर तिचं सुरू झालं. सकाळी अगदी ठणठणीत. पोळ्या, डबे, कंपनीची बस, सगळं झपाट्यात. संध्याकाळी मात्र केस विंचरायला घेतले की हात आपोआप खाली यायचे. जेवताना चावता चावता थांबायची. बोलणं नाकातून यायचं.

मला वाटलं, स्टॅमिना कमी पडतोय. दमलात तरी अजून एक राउंड मारा, स्नायू त्यानंच घट्ट होतात... वीस वर्षं मुलांना हेच शिकवत आलोय. म्हणून रोज संध्याकाळी तिला शाळेच्या ग्राउंडवर न्यायला लागलो. चार राउंड, मग तीन मजले जिना.

"अहो, लई झालं. पायात जीवच नाय राहिला," ती म्हणायची.

"सकाळी बरी असतेस. मग आत्ताच काय होतं? नाटकं करू नकोस." हे मी एकदा चार पालकांसमोर म्हणालो. त्या दिवशी ती जिन्यात मध्येच बसली, ती उठलीच नाही. उचलून खाली आणावं लागलं. दोन दिवसांनी पाणी पिताना असा ठसका लागला की श्वासच अडकला. तेव्हा कुठं मी घाबरलो.

डॉक्टरांनी फार काही केलं नाही. "ताई, मान न हलवता माझ्या बोटाकडे वर बघत राहा."

अर्धं मिनिट गेलं असेल... रेखाच्या पापण्या उतरायला लागल्या. त्या उघड्या ठेवायला ती जीव तोडून धडपडत होती, कपाळावर आठ्या पडल्या होत्या, आणि पापण्या खाली येतच होत्या. मग डॉक्टरांनी तिला थोडा वेळ डोळे मिटून बसवलं. उघडले, तर पुन्हा टक्क.

पापण्यांचं नाटक कोण करील...

डॉक्टर म्हणाले, मेंदूचा निरोप नसेतून बरोबर येतो, पण नस आणि स्नायू जिथं भेटतात तिथं तो पुढं पोचत नाही. स्नायू जितका वापराल तितका तो अजून ढिला पडतो, विसावा दिला की थोडा सावरतो. मायस्थेनिया म्हणतात. तपासण्या करू, पण गोळ्या बहुतेक कायमच्या लागतील.

रेखानं सुरुवातीलाच राउंड आणि जिन्याचं सांगितलं होतं. त्यावरून त्यांनी विचारलं, "अशा अवस्थेत हा इतका व्यायाम कोणी करायला लावला?"

मी खाली बघितलं.

"माझी मीच करत होते, डॉक्टर," रेखा म्हणाली. "कोणी नाय लावला."

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, खोटं का बोललीस. ती बाहेर बघत राहिली. दिवसभराच्या दमणुकीनं तिचा आवाज गेला होता, की तिला सांगायचंच नव्हतं... कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आवाज स्वच्छ होता. पण पुन्हा विचारायची माझीच हिंमत झाली नाही.