आतोबांचा सुभेदार

घोडा पाहून तो जिंकेल की नाही हे सांगणारी माणसं त्या काळी पुण्यात गल्लोगल्ली होती. पण घोडा पाहून त्याला रात्री झोप कशी लागली, सकाळी त्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराशी त्याचं काय बिनसलं आणि त्याच्या आजोळची मंडळी कोणत्या स्वभावाची असावीत, हे सांगणारा माणूस साऱ्या मुलखात एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला आतोबा म्हणतात. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, पिंपरीच्या माळावर नवे कारखाने उभे राहू लागले होते, आणि त्यातल्या एकात मी स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलो. राहायला चिंचवडला आत्याकडे. माझ्यामुळे हळूहळू सगळी शिफ्टच त्यांना आतोबा म्हणू लागली, आणि त्यांनीही हे नातं विनातक्रार मान्य करून टाकलं.

मी ट्रंक घेऊन त्यांच्या दारात पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा त्यांनी मला आत ये म्हणण्याआधी अंगणात तुळशीपासून विहिरीपर्यंत चालायला लावलं. मग उलट. मग एकदा जरा भरभर. ओसरीवर मांडी ठोकून, डोळे बारीक करून ते बघत होते. शेवटी म्हणाले, "पुढा बरा आहे, मागून जोर कमी. हा पळणार नाही, पण ओझं वाहील." आत्या आतून म्हणाली, अहो, माझ्या भावाचा मुलगा आहे तो, त्याला आधी पाणी तरी द्या. त्यावर आतोबा गंभीरपणे म्हणाले, "लगेच नको. अंग गरम आहे अजून."

रेल्वेच्या मालधक्क्यावर त्यांनी उभी हयात काढली होती. मुंबईचे शर्यतीचे घोडे पावसाळ्यात पुण्याला यायचे ते रेल्वेनं, आणि सिग्नल मिळेना म्हणून ती गाडी कधीमधी चिंचवडला थांबायची. मालडब्याच्या, म्हणजे वाघिणीच्या, फटीतून बाहेर आलेलं एखादं ओलं नाक आणि एक मोठा काळाभोर डोळा एवढंच त्यांना पहिल्यांदा दिसलं असेल. पण त्या डोळ्यानं त्यांना कायमचं गिऱ्हाईक केलं. पेन्शनीत निघाल्यावर तर त्यांना दुसरा उद्योगच उरला नाही. पहाटेच्या लोकलनं ते पुण्याला जात, रेसकोर्सच्या कठड्याला टेकून घोड्यांची रपेट बघत, आणि नुसती बघत नसत. छत्रीच्या टोकानं घोड्याची लीद उकरून पाहत. मोतद्दारांना तंबाखू देऊन काल हरभरे किती खाल्ले, पाणी किती प्याला, शेजारच्या ठाणावर कोण बांधलंय, अशा चौकश्या करत. मैदान किती भिजलंय याचा अंदाज त्यांना पवना नदीच्या काठची माती चिमटीत धरून चिंचवडलाच येई. पसरट खुराचा घोडा चिखलात तरतो, अरुंद खुराचा कोरड्यात, आणि "ज्याचा खूर पुढं नि मन तबेल्यात, तो कशातच नाही."

घोड्यांची इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत. म्हणून ते स्वतःच बारशी करत. एका नखरेल घोडीचं नाव त्यांनी 'धाकटी जाऊ' ठेवलं होतं. सुरुवातीला सगळ्यांच्या पुढं आणि वेळेला कुठंच नाही, म्हणून. एक घोडा 'भटजी' होता, कारण त्याचं लक्ष कायम खाण्याकडं. माणसांनाही हाच न्याय होता. आमच्या कारखान्यातल्या एका साहेबाबद्दल मी घरी तक्रार केली, तर त्यांनी त्याला फक्त एकदा सायकलवरून उतरताना पाहिलं आणि त्याच्या तोंडाला लगाम सैल हवा, एवढाच निकाल दिला. मी साहेबाशी जरा सैल वागून पाहिलं. तो खरोखरच मऊ झाला.

आता इतका अभ्यास असलेल्या माणसाचा घोडा दर वेळी पहिला यायला हवा. आतोबांचा घोडा चौथा यायचा. पहिल्या तिघांवर बुकी पैसे देतात, आणि आतोबांचा घोडा त्या तिघांचा पाठलाग करत मोठ्या इमानानं चौथा यायचा. त्याची कारणं त्यांच्याकडे शर्यत संपायच्या आत तयार असत. वारा डोळ्यांवर होता, जॉकीची बैठक चुकली, नाहीतर वळणावर भटजीनं कठड्यापलीकडं कुणाच्या तरी हातातली काकडी पाहिली. त्यांना स्वतःला या चौथेपणाची झळ लागत नसे, कारण ते पैसे कधीच लावत नसत. लग्न झालं त्या वर्षी आत्यानं त्यांना शपथ घातली होती आणि त्यांनी ती पाळली. पण ते म्हणत, शपथ नसती तरी लावले नसते. "पैसे लावले की घोडा दिसेनासा होतो."

शनिवारी स्टेशनच्या फलाटावर त्यांचा दरबार भरायचा. काळा कोट, टोपी, काखेत छत्री. भोवती पाळी नसलेले कामगार. कुणी कोकणातला, कुणी नगरचा, एखादा चाकणकडचा शेतकरी गडी, कांदा विकून मोकळा झालेला. आतोबा त्या दिवशीच्या घोड्यांचं इतकं रसाळ वर्णन करत की लोक गाडी सोडून ऐकत राहत. बहुतेकांना त्यांच्या घोड्यावर पैसे लावायचे नसत. त्यांना ऐकायचंच असे.

एका भाद्रपदात मात्र वेगळंच घडलं. आठवडाभर ते पहाटे जाऊन येत होते आणि घरी आल्यावर गप्प बसत होते. आत्याला वाटलं ताप आला. शुक्रवारी जेवताना त्यांनी मला सांगितलं की एक तांबूस घोडा आलाय, त्याचं नाव मी सुभेदार ठेवलंय. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस गावच्या रस्त्यानं चालतो तसा चालतो, कुणाकडं न बघता, आणि तरी सगळे बाजूला होतात. पुढं काही सिद्धांत नाही, लीद नाही, खूर नाही. फलाटावरही ते एवढंच म्हणाले, "हा येणार."

आमच्या कारखान्यात नामदेव नावाचा एक फिटर होता, मराठवाड्यातून नव्यानं आलेला, उमदा आणि उतावळा. त्यानं याचा भलताच अर्थ काढला. इतकी वर्षं चुकलेला माणूस एकदा तरी बरोबर ठरणारच, आणि तो दिवस हाच, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. हे आम्हाला गाडीत कळलं नाही. कळलं ते रेसकोर्सवर, शर्यतीआधी घोडे गोल फिरवून दाखवतात त्या कठड्यापाशी.

सुभेदार समोरून गेला तेव्हा आतोबांनी माझा दंड धरला. बुरबुर पाऊस होता आणि त्या घोड्याची पाठ ओल्या तांब्याच्या घागरीसारखी चमकत होती. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "जन्मात असा घोडा बघितला नाही रे." तेवढ्यात नामदेव गर्दीतून वाट काढत आला. कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "आतोबा, तुमी निस्तं हो म्हणा. बहिणीचं लगीन ठरलंय. तिच्यासाठी ठेवलेलं समदं आणलंय मी."

आतोबांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी नामदेवाकडं पाहिलं, मग पुन्हा घोड्याकडं. सुभेदार एक पूर्ण फेरी मारून परत समोर येईपर्यंत त्यांची नजर त्याच्यावरच होती. मग म्हणाले, "हा नाही पळायचा आज."

नामदेव चक्रावला. सकाळी तर तुम्हीच म्हणालात, असं तो म्हणू लागला. आतोबांनी त्याला सुभेदाराचे पडलेले कान दाखवले. नेमके त्याच क्षणी सुभेदारानं दोन्ही कान असे टवकारले की चित्रकारानं थांबून काढावेत. "बघ, दचकतोय," आतोबा म्हणाले. घाम किती सुटलाय बघ, असंही म्हणाले. नामदेव म्हणाला, तो पाऊस हाय. आतोबांनी छत्री आपटून सांगितलं की पाऊस कुठला आणि घाम कुठला हे मला शिकवू नकोस, घोड्याचं पोट बिघडलंय, आणि आज कुठल्याच घोड्यावर काही लावण्यासारखं मैदान नाही. इतकं खोटं ते इतक्या वाईट रीतीनं बोलत होते की मला हसू येत होतं. पण नामदेवाची श्रद्धा मोठी. त्यानं खिशावरचा हात काढला; पैसे आतच राहिले.

घोडे सुटले. वळणापर्यंत सुभेदार चौथा होता. मला वाटलं, चला, नेहमीचंच. मग सरळ पट्टी लागली आणि तो तांबूस घोडा नुसता लांबत गेला. घाई नाही, धडपड नाही. तिसऱ्याला टाकलं, दुसऱ्याला टाकलं, आणि पहिल्याच्या बाजूनं असा निघून गेला की त्याला जणू पुढच्या गावी काम होतं. माणसं टोप्या उडवत होती. त्या हजारोंच्या गर्दीत सगळ्यात आनंदी माणूस माझ्या शेजारी रुमालाचा बोळा तोंडात कोंबून उभा होता, कारण त्याच्या पलीकडं नामदेव कपाळाला हात लावून बसला होता. आतोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नामदेवाला वाटलं, ते पश्चात्तापाचं आहे. त्यानं मग त्यांना पुष्कळ ऐकवलं. आतोबांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

परतीच्या गाडीत नामदेव दुसऱ्या डब्यात बसला. मी आतोबांना विचारलं, "तुमची खात्री होती ना?"

ते खिडकीबाहेर खडकीचे दिवे बघत होते. "खात्री मला दर वेळी असते रे," ते म्हणाले.

मी म्हटलं, पण या वेळी तो आला. त्यावर ते म्हणाले की आला हे आत्ता कळलं. तिथं उभा होतो तेव्हा घोड्याच्या मागं मला नामदेवाची ती लग्नाची बहीण दिसायला लागली, कधी न बघितलेली. घोड्यावर भरवसा होता. स्वतःवर नव्हता.

घरी आत्यानं विचारलं, आज कितवा? मी म्हटलं, पहिला. तिचा विश्वास बसेना; तिनं मला देवासमोर उभं करून पुन्हा विचारलं. मग तिनं आतोबांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, रीतसर ओवाळलं आणि साजूक तुपातला शिरा केला. ते लाजून लाल झाले होते. पण दोन वाट्या शिरा त्यांनी खाल्ला.

फलाटावर मात्र त्यांची पत गेली. डोळ्यांसमोर जिंकणाऱ्या घोड्याला आजारी म्हणणारा माणूस, अशी त्यांची ख्याती आकुर्डीपासून दापोडीपर्यंत झाली. दरबार पांगला. मी दोन-तीनदा खरं सांगायला निघालो, तर त्यांनी मला आत्याची शपथ घातली. शपथेवर त्यांचा फार विश्वास.

दिवाळीनंतर नामदेवाच्या बहिणीचं लग्न पिंपरीलाच, कामगारांच्या चाळीपुढच्या मैदानात झालं. नामदेवाचा राग तोवर थट्टेवर आला होता. त्यानं आतोबांना हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं आणि स्वतः जिलबी वाढली. बहीण पाया पडायला आली तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे आतोबा. घोडे वळखतात म्हणं. त्या दिशी यांची नजर कच्ची निघाली, न्हाईतर पुण्याचा बँड आणला असता राव."

पंगत हसली. आतोबा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. "कच्चीच ती," म्हणाले, आणि त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. तो त्यांनी बराच वेळ उचलला नाही.

परतताना आम्ही रुळांच्या कडेनं चालत चिंचवडला निघालो. दोन्हीकडं ज्वारी पोटरीला आली होती. चालता चालता अचानक थांबून त्यांनी विचारलं, "तो पहिला आला ते तू पाहिलंस ना रे?"

"पाहिलं, आतोबा."

"मग झालं," म्हणाले आणि चालू लागले.

पुढं गुडघे गेले, पुण्याला जाणं थांबलं, पण मधूनच, जेवताना, नाहीतर ओसरीवर बसल्या बसल्या, ते मला पुन्हा हाच प्रश्न विचारत. अगदी शेवटच्या आजारातही विचारला. आणि मीही दर वेळी, नुकताच रेसकोर्सवरून आल्यासारखा, त्यांना सांगत असे, "पाहिलं ना. सहज आला."