बुळबुळबाई

आमच्या बाईंच्या प्रयोगशाळेत नव्या मुलीला पहिला ओरडा बसायचा तो भांडं घासल्याबद्दल. घरी आईनं जन्मभर लावलेलं वळण बाई एका सकाळी मोडून काढत. "तुला कोणी सांगितलं होतं हे लख्ख करायला?" एरवी मऊ आवाजात बोलणाऱ्या बाई स्वच्छ झालेली काच खिडकीच्या उजेडात धरून विचारत, आणि दुधाचं पातेलं सांडलेल्या मांजरीकडे पाहावं तसं त्या मुलीकडे पाहत. मुलगी रडकुंडीला आली की बाईंनाच वाईट वाटे. मग तिला जवळ घेऊन समजावत, "मोरीतली भांडी घासायची, कपाटातली नाही. कपाटातल्या भांड्यांत माझी माणसं राहतात."

ही माणसं म्हणजे जंतू. साठ सालच्या आगेमागे यवतमाळात आमचं विज्ञान कॉलेज नवंनवं होतं आणि बाई तिथे जीवशास्त्र शिकवायच्या. नागपुराहून एम.एस्सी. करून आलेल्या, पस्तिशीच्या, लग्न न केलेल्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. शिकवायच्या सगळंच, पण जीव जडलेला होता एका गोष्टीवर. पाण्यात काहीही राहू द्या, दगड, दोर, माठाचा तळ, त्यावर चार दिवसांत जो बुळबुळीत थर धरतो त्यावर. म्हणून पोरांनी नाव ठेवलं बुळबुळबाई. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्ही सगळे माना खाली घालून बसलो होतो. बाई म्हणाल्या, "ठेवायचंच होतं तर निदान विषयाला धरून ठेवलंत. गणिताच्या सरांना तुम्ही काय म्हणता ते मला ठाऊक आहे." वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून ते नाव लाडाचं झालं.

त्यांची रीत साधी होती. काचपट्टीला दोरा बांधायचा आणि ती पाण्यात सोडून द्यायची. विहिरीत, हौदात, गुरांच्या टाक्यात, जिथे परवानगी मिळेल तिथे. काही दिवसांनी हलक्या हातानं वर काढून, धुऊन, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. मी पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा मला वाटलं होतं दोनचार ठिपके दिसतील. दिसले घोळकेच्या घोळके, एकमेकांना चिकटलेले, साऱ्यांभोवती डिंकासारखं काही पसरलेलं. "जंतू पाण्यात नुसते फिरायला येतात," बाई माझ्या खांद्यावरून म्हणाल्या. "राहतात ते भिंतीला. बाटलीत पाणी भरून तपासणं म्हणजे रस्त्यावर उभं राहून गावची खानेसुमारी करणं."

जंतू वाढवायला म्हणून कॉलेजात एक उबवणीची पेटी होती. ती हिवाळ्यात उपयोगी. वैशाखात आमच्या खोलीचीच भट्टी होई आणि बाई जंतूंच्या काचेच्या बशा ओल्या गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवत. "यवतमाळात जंतू वाढवायला पेटी लागत नाही, वाचवायला लागते," असं त्या पाहुण्या प्राध्यापकांना अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगत.

मी नेरची. शिकायला यवतमाळात आले तेव्हा ज्या घरी मला खोली मिळाली त्याच घरात बाईंचीही खोली होती. घर होतं एका विधवा काकूंचं. काकूंनी बाईंना खोली देण्याआधी आडनाव विचारलं होतं, आणि ते ऐकून विचार करायला वेळ मागितला होता. बाईंच्या घरच्यांनी छप्पनच्या साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि बाई ते कुणापासून लपवत नसत. काकूंनी काय विचार केला ते देव जाणे, पण खोली दिली. मी राहायला गेले तोवर दोघींचं भांडण जातीपातीवरून उरलं नव्हतं, फक्त बुळबुळीवरून उरलं होतं. ही प्रगतीच म्हणायची.

तर अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. नवा माठ भरायचा सण, त्याआधी काकू घरातलं जुनं सगळं राख नि काथ्या घेऊन उजळत. ओसरीवरच्या एका माठात बाईंच्या पट्ट्या महिनाभर लटकत होत्या. आम्ही कॉलेजातून आलो तो माठ पालथा, आणि पट्ट्या ताटात ओळीनं मांडलेल्या, आरशासारख्या. काकू शाबासकीची वाट पाहत उभ्या! बाई खोलीत गेल्या, दार लावून घेतलं आणि काकूंशी अबोला धरला. काकू मला पकडून विचारत, "काच घासली म्हून कोनी बोलनं टाकते काय माय? म्या का तिची सोन्याची पाटली मोडली?" शेवटी त्यांनीच एक तडा गेलेला माठ बाईंच्या दारात आणून ठेवला. "हा तुले घे. सडव लागन तेवढा. मी हात लावन तर शप्पथ." बाई खुदकन हसल्या, आणि त्या माठाला ओसरीवर मानाची जागा मिळाली.

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एक दिवस बाईंचे वडील कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

त्यांना सगळे आबा म्हणत. बाभुळगावच्या पलीकडे त्यांचं गाव. दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीतल्या लोकांनी स्वतःच्या हातांनी विहीर खोदली होती, आबा सगळ्यांत पुढे. त्याआधी गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. बायका घागरी घेऊन बाजूला बसून राहत, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओती. बाईंचं लहानपण त्या बसण्यात गेलं होतं. त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाल्या होत्या की पाढे मी तिथे पाठ केले, वेळ भरपूर असायचा.

आता ती विहीर बुजवायची गोष्ट निघाली होती. उन्हाळा आला की वस्तीतली लेकरं जुलाबानं आडवी पडत. बाईंच्या भावाचा लहानगा तर दोनदा मरता मरता वाचला. सरकारी तपासनीस येई, पाण्याचा नमुना नेई, पाण्यात जंतू मारायची लाल दवा टाकायला सांगे. दवा टाकली की नमुना चांगला, महिन्याभरात पुन्हा वाईट. पंचायतीतल्या काही मंडळींना एवढं निमित्त पुरलं. झराच खराब, पावसाळ्याआधी बुजवून टाका, असं त्यांनी मांडलं. "बुजवली त मंग पुन्हा तिकडंच बसा लागन," आबा म्हणाले. "मी मेलो तरी चालन, पन सुनेले तिथं बसलेली नाही पाहू शकत."

बाईंनी त्याच आठवड्यात मला बरोबर घेतलं आणि आम्ही बसनं गावी गेलो. विहिरीत पट्ट्या सोडल्या. नंतर बाईंनी भावाला विचारलं, तपासनीस नमुना कुठून घेतो? तो म्हणाला, रांजणातून, विहाराच्या सावलीत आहे म्हणून. पाणी तर विहिरीचंच.

त्या रांजणाची गोष्ट मला वहिनींनी, म्हणजे बाईंच्या भावजयीनं, सांगितली. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी आबांनी पहिली बादली काढून त्या रांजणात ओतली होती. तेव्हापासून रांजण कधी रिकामा केला नव्हता. अर्धा झाला की वरून भर घालायची, म्हणजे ते पहिलं पाणी त्यात राहतं. पोरांना शाळेत जाताना त्यातलंच पाणी देत, परीक्षेला जाताना हमखास. मला ती चाल इतकी आवडली की मीही भांडंभर प्याले. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की घोट घशात अडकला.

रांजणातही त्यांनी पट्टी सोडली. काही दिवसांनी दोन्हीकडच्या पट्ट्या आणल्या. विहिरीच्या पट्टीवर तुरळक काही होतं. रांजणाच्या पट्टीवर मात्र दाट थर. तो थर बाईंनी लाल दव्याच्या पाण्यात बुडवला, भरपूर वेळ ठेवला, मग उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवला. त्या पाण्याचे थेंब बशीत वाढवून पाहिले. पहिल्या दिवसांत काही उगवलं नाही, नंतरच्या थेंबांत उगवत गेलं. वरचे मेले होते, आतले जगले होते आणि पुन्हा पाण्यात उतरत होते. त्यांत पोट बिघडवणारेही होते. दुसरी एखादी बाई असती तर आनंदानं नाचली असती. एवढ्या वर्षांचं म्हणणं तिच्यासमोर बशीत सिद्ध झालं होतं. आमच्या बाई स्टुलावर बसून राहिल्या.

"विहीर चांगली आहे, बाई," मी म्हटलं. "वाचली की विहीर."

"हो," त्या म्हणाल्या. "आता आबाले सांगा लागते." बाई माझ्याशी वऱ्हाडीत बोलल्या की समजायचं, त्यांना फार लागलेलं आहे.

रविवारी सूक्ष्मदर्शकाची पेटी मांडीवर घेऊन आम्ही पुन्हा गेलो. विहाराच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडून त्याखाली रांजणातली पट्टी ठेवली. वस्तीतली माणसं एकेक करून डोळा लावून गेली, कुणी हसलं, कुणी तोंड वाकडं केलं. वहिनी जागच्या उठल्या नाहीत. "मले नाही पाहाचं. माह्यं लेकरू मी पाह्यलं," एवढंच म्हणाल्या. आबा शेवटी आले आणि फार वेळ वाकून राहिले.

"हे पह्यल्या पान्यातलं व्हय काय?" त्यांनी विचारलं.

बाई मग म्हणाल्या, "पह्यलं पानी कवाचंच पिऊन झालं, आबा. पोट्ट्यायनं पेलं, शाळेत गेली. आता उरलं थे हेच."

"घासून निंगन?"

"मातीच्या आत शिरलं आहे. नाही निंगत."

आबांनी कोपऱ्यातली सब्बल उचलली, आणि ती लेकीच्या हातात दिली. "मंग तूच फोड. माह्यानं होत नाही." बाई ती पहार घेऊन रांजणासमोर उभ्या राहिल्या. कामाच्या बाबतीत कधी गय न करणाऱ्या, काचेला नाजूक हातानं नि ठाम मनानं धरणाऱ्या बाई.  त्यांनी पहार उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि आबांकडे वळून लहान मुलीसारख्या रडू लागल्या. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

वहिनी उठल्या. कडेवरचं पोर माझ्याकडे दिलं, बाईंच्या हातातून पहार घेतली आणि एकच घाव घातला. पाणी अंगणभर पसरलं. कुणी बाजूला झालं नाही, साऱ्यांचे पाय भिजले. आबांनी वाकून ओला हात डोळ्यांना लावला, आणि म्हणाले, "चाला इहिरीवर. लेकराइले तहान लागली असन."

त्यानंतर त्या उन्हाळ्यात पोरं आजारी पडली नाहीत. बाईंनी पंचायतीसमोर उभं राहून दोन्ही पट्ट्या दाखवल्या. नमुना विहिरीतूनच घ्यायचा, असा हट्ट धरला, आणि तो दर वेळी चांगला येत गेला. बुजवायची गोष्ट हळूहळू मागे पडली. कुणी चूक कबूल केली नाही. तशी अपेक्षाही नव्हती. एका संध्याकाळी मी चिडून काही बोलले तर बाई म्हणाल्या, "त्यांनी कबूल करावं म्हणून नाही केलं. वहिनी घरच्या विहिरीवर जाते ना?"

पुढे बाई नागपूरला गेल्या. मी त्यांच्याच विषयात शिकले, आणि माझ्याही हाताखालच्या मुली मला नावं ठेवू लागल्या. भेटी कमी होत गेल्या. एकोणसत्तर साली आबा गेल्याची तार आली तेव्हा मी तडक गावी गेले. सगळं आटोपल्यावर बाई म्हणाल्या, जरा विहिरीकडे जाऊन येऊ.

विहिरीला आता पक्का कठडा होता. आठदहा वर्षांची एक मुलगी पाणी शेंदत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोनाच्या घरी आल्या तुमी?" मला राहवेना. मी तिला म्हटलं, "अगं, ही विहीर या बाईंनी वाचवली, ठाऊक आहे का तुला?"

मुलगी हात थांबवून आमच्या तोंडाकडे पाहू लागली. "वाचवली? कोनापासून? ही त आमचीच हाय, पह्यलेपासून."

मी सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी माझा हात घट्ट दाबला. "कोणापासून नाही, बाई," त्या तिला म्हणाल्या. "भर तुझी घागर."

तिनं भरली, डोक्यावर घेतली आणि गाणं म्हणत निघून गेली. बाई ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिल्या. नुकतेच त्यांचे वडील गेले होते, आणि तरी त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते मी नंतर कुणाच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.