भाऊबंदाची अकरा यंत्रं

आमच्या भाऊबंदाला जुने टाइपरायटर जमवायचा छंद होता, असं त्याच्या घरचे सगळ्यांना सांगतात. तो गेल्यावर भेटायला आलेल्यांनाही त्यांनी कपाट उघडून ती अकरा यंत्रं दाखवली. लोक कौतुकानं बघत होते, एकानं तर एक कळ दाबूनही पाहिली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो होतो. तो छंद नव्हता, हे तिथेच म्हणायला हवं होतं. पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून लिहितोय. लिहायची मला सवय नाही. जन्मभर दुसऱ्यांची लिहायची यंत्रं पुसली, एवढाच माझा लिहिण्याशी संबंध. चुकलं तर सांभाळून घ्या.

तो आणि मी एकाच दुकानात सत्तावीस वर्षं शेजारी बसलो. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. मागच्या बाजूला वाकूनच जावं लागे. पुढे एक खिडकी आणि खिडकीपाशी दोन बाकं, एक त्याचं, एक माझं. रॉकेलचा वास, दात घासायच्या जुन्या ब्रशांनी भरलेला डबा, आणि जिन्यावरून कोणी धावत उतरलं की वाट्यांमधले स्क्रू थरथरायचे. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आणि हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. मालकही तसंच म्हणायचे, आणि माझ्यासमोर म्हणायचे.

भाऊबंद हे नाव त्याला पुढे पडलं. त्याआधी पत्राचं सांगतो.

एका कचेरीच्या मोठ्या साहेबांना निनावी पत्र आलं होतं, टाइप केलेलं. तिथला हेडक्लार्क सगळी कामं आपल्या मेव्हण्याला देतो, अशी त्यात तक्रार होती. कचेरीतल्या मोठ्या यंत्रांशी पत्र जुळेना. मग कोणाला तरी आठवलं की टाइप करणाऱ्या बाईंकडे घरी स्वतःचं छोटं यंत्र आहे, पेटीत घालून हातात धरून नेता येतं तसलं. बाहेरची कामं घ्यायला त्यांनी ते ठेवलं होतं. साहेबांनी ते तपासून आणायला सांगितलं, आणि हेडक्लार्क बाईंना घेऊन आमच्याकडे आला. यंत्र बाईंनी स्वतःच उचलून आणलं होतं. हिरव्या रंगाचं. त्यांनी ते भाऊबंदाच्या बाकावर ठेवलं आणि म्हणाल्या, तपासा.

त्यानं खालचा पत्रा काढून आत पाहिलं, पत्रा परत बसवला, चार ओळी टाइप केल्या, कागद काढला, पत्राशेजारी धरला आणि खिडकीकडे वळला. शिफ्ट दाबून उमटणारी अक्षरं ओळीच्या किंचित खाली बसत होती, नखाच्या जाडीइतकी. पत्रातही तशीच. छोट्या यंत्रात ही खोड आपण दुसरीकडे कुठे पाहिली नाही, असं तो म्हणाला.

"म्हणजे ह्याच यंत्रावर?" हेडक्लार्कनं विचारलं.

"ह्याच."

बाईंनी विचारलं, "अशी छोटी यंत्रं तुम्ही किती पाहिलीत?"

"शंभर तरी."

त्यानं दोन ओळी लिहून खाली सही केली. बाई पेटी बंद करायला लागल्या तर एक कडी लागेना. त्यानंच पुढे वाकून ती लावून दिली. आठवडाभरात बाईंची नोकरी गेली, असं आम्हाला कळलं. मालकांनी दोन दिवस येईल त्याला आमच्या दुकानाच्या नजरेची तारीफ सांगितली.

दोनेक वर्षांनी एक निळं यंत्र सफाईला आलं. झाकणाचा आकार वेगळा, नाव वेगळं, देश वेगळा. भाऊबंदानं खालचा पत्रा काढला आणि त्याचे हात थांबले. मला बोलावून म्हणाला, हे बघ. आतला सांगाडा त्या हिरव्याचाच होता. तीच भोकं, त्याच जागी. शिफ्टची उंची ठरवणारा स्क्रूही तोच, आणि तो जागेवर धरून ठेवणारा दुसरा नट इथेही नव्हता. वापरून वापरून तो स्क्रू सरकणारच, आणि अक्षरं खाली बसणारच. टाइप करून पाहिलं. बसली.

"हे सख्खे भाऊ आहेत रे," तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं जेवणाचा डबा उघडला नाही.

तिथून हे सुरू झालं. कुठे जुनं छोटं यंत्र विकायला निघालं की तो जायचा. आणून उघडायचं, सांगाड्यावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, की भोकं आणि कडा कागदावर उतरतात. मग दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे. भोकांवर भोकं आली की म्हणायचा, हा त्याचा भाऊबंद. मालकांनीच मग ते नाव त्याला चिकटवलं. गिऱ्हाइकं विचारायची, आमच्या यंत्राला कुठे चांगलं स्थळ आहे का बघा. तो हसायचा नाही. दूरदूरच्या जुन्या विक्रेत्यांना पत्रं लिहायचा. वर्षा-दोन वर्षांनी एखादं उत्तर यायचं, तेव्हा उलगडायचं की एक कारखाना बुडाला, त्याचे साचे दुसऱ्यानं घेतले, त्यानं वरचं झाकण गोल केलं, आणि तिसऱ्यानं तर एका दुकानासाठी नुसती नावाची पट्टी बदलली. ती नावं मी लिहीत नाही, माझ्याकडून चुकतील. पाच नावं, आई एक.

वहिनी वैतागायच्या. "माझ्या माहेरच्यांची चौकशी कधी इतकी केली नाहीत," त्या म्हणायच्या, "आणि ह्या बिनजिवांचे काके-मामे शोधताय." माणसांचे कपडे खुंटीवर आणि यंत्रं कपाटात, अशी त्या घराची तऱ्हा झाली.

नऊ वर्षांत अकरा यंत्रं जमली. त्यांतली चार त्या पत्राच्या वर्षी आमच्याच गावात होती. कोणाकडे होती, तेही त्यानं शोधलं. ते पत्र चौघांपैकी कोणीही लिहिलं असेल, असं तो मला म्हणाला, आणि वर, "बाईंची नोकरी माझ्या फुशारकीनं खाल्ली." कागदांची गुंडाळी घेऊन तो बाईंकडे निघाला. एकट्यानं जायचा धीर होईना, म्हणून मला बरोबर घेतलं.

बाई भावाच्या घरी मागच्या खोलीत राहत होत्या. शिकवण्या घ्यायच्या. केस पांढरे झाले होते. हिरवं यंत्र फळीवर, कापडाखाली. आम्हाला त्यांनी लगेच ओळखलं. भाऊबंदानं बसायच्या आधीच कागद खिडकीला लावले, एकावर एक, आणि घाईघाईनं सगळं सांगितलं. बाईंनी जवळ येऊन स्क्रूच्या जागेवर बोट ठेवलं.

"हे सगळं माझ्यासाठी केलंत?"

"हो बाई."

"पत्र मीच लिहिलं होतं," बाई म्हणाल्या.

त्याचे हात काचेवरच राहिले.

"त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पण मी लिहिलं, हे तुम्हाला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, कारागीर माणसं आहेत, नक्की सांगता येत नाही म्हणतील. तुम्हा दोघांपैकी एकानं तेवढं म्हटलं असतं, तरी मला पुरलं असतं."

दोघांपैकी म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चहा केला. आम्ही प्यायलो आणि निघालो.

वाटेत त्यानं मला विचारलं, मग मी बरोबर होतो की चूक? त्यानंतर त्याला एकच वाक्य लागलं. गिऱ्हाइकानं विचारलं, हे किती वर्षं चालेल, तर नक्की सांगता येत नाही. वहिनींनी विचारलं, आमटीत मीठ बरोबर आहे का, तर नक्की सांगता येत नाही. "अहो, तोंड तुमचंच आहे ना?" वहिनी म्हणायच्या, आणि घरातले सगळे हसायचे. मीही हसल्यासारखं करायचो.

वर एक गोष्ट मी गाळली. लिहिताना तिथे आलो आणि पुढे गेलो. पत्राच्या आदल्या वर्षी एका जमीन मोजणाऱ्याचं करडं यंत्र माझ्या बाकावर आलं होतं. त्याचीही अक्षरं खाली बसायची. मी स्क्रू आवळला. महिन्यानं ते परत आलं, पुन्हा आवळला. तिसऱ्या वेळी मी त्याला दुसरा नट बसवून दिला. पुढे तो माणूस बदली होऊन गेला. भाऊबंद म्हणाला की ही खोड आपण दुसरीकडे पाहिली नाही, तेव्हा ती मी पाहिलेली होती, आणि मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. वाटलं, त्याला जास्त कळतं. वाटलं, माझीच आठवण चुकत असेल. हेडक्लार्क समोर उभा होता. निळं यंत्र आलं तेव्हा सांगता आलं असतं, पण मग तो विचारणार, तेव्हा का नाही बोललास? दर वर्षी ते जास्त अवघड होत गेलं. जे मी एका वाक्यात दिलं असतं, ते तो नऊ वर्षं शोधत राहिला, आणि त्याला ते मी अखेरपर्यंत सांगितलं नाही.

परवा त्याची मुलगी कागदांची गुंडाळी माझ्याकडे घेऊन आली. "काका, आम्हाला ह्यातलं काही कळत नाही, तुम्ही ठेवा," म्हणाली. शेवटच्या कागदावर त्याच्या अक्षरात यादी आहे. रंग, मालक, कोणत्या वर्षी कुठे होतं. अकरा ओळी, खाली कोरी जागा.

आज सकाळी मी खिडकीशी बसून त्याखाली लिहिलं: बारावं. करडं. जमीन मोजणाऱ्याचं. पत्राच्या आदल्या वर्षी तीनदा दुकानात आलं. दुरुस्ती मी केली.