आधी पाणी

"पहिले पाणी पी गा, मंग भाव कर."

मौद्याजवळ माझ्या शेताला लागून मावशीचं शेत होतं. मी मधला बांध, आमच्याकडचा धुरा, ओलांडला की ती विहिरीतून बादली ओढायची, जर्मनचा गिलास भरून उन्हात धरायची आणि तळ स्वच्छ दिसला की माझ्या हाती द्यायची. मला पाणी नको होतं, शेतासकट विहीर विकत हवी होती. हमाली करत नागपूरच्या प्रतापनगरात घर बांधलेला माणूस मी. घासाघीस करूनही मिळाली नाही अशी वस्तू ही एकच.

तिचं शेत पाहून तुम्हीही तिला आळशी म्हणाला असता. नांगर नाही. तुरीच्या ओळींमधलं गवत ती विळ्याने कापायची आणि तिथेच अंथरायची. माझं शेत तणनाशकाने दाढी केल्यासारखं स्वच्छ. पण पाऊस पडला की माझी माती वाहून नाल्यात जायची, माझी विहीर गढूळ व्हायची. तिच्याकडे पाणी गवताखाली मुरत राहायचं. माझेच मजूर प्यायला तिच्या विहिरीवर!

एकदा मी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन धुऱ्याशी गेलो, तर ती धुऱ्यावरच बसली.

"इथं मारू नको. मले हेच पाणी प्यावं लागते."

"तुह्यावर नाही मारून राहिलो वं, मावशी!"

"माह्यावर मार. गवतावर नको."

मी ओरडलो, पंप आपटला. तिने गिलास पुढे केला.

तिचा नवरा गेलेला, मुलगी नागपुरात. तिच्याकडे येणारा बहुधा मीच. आणि माझ्या घरी तरी बोलायला कोण होतं?

पुढे ती आजारी पडली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात मी विकतच्या पाण्याची बाटली घेऊन गेलो. एक घोट घेऊन म्हणाली, "याले चवच नाही गा."

मग तिथेच कळलं, शेत तिने गावातल्या एका जोडप्याला विकलं होतं. नांगरणार नाही, फवारणार नाही, या बोलीवर.

"मी दुप्पट देत होतो! मले काहून नाही?"

नर्स धावत आली. मावशीने तिला हातानेच थांबवलं.

"तू विहीर घेतली असती गा. पाणी कुठून आणलं असतं?"

मावशी त्या दवाखान्यातच गेली.

राग अजून आहे. रविवारी शेतावर जातो. माझ्या बाजूचा धुरा गवताने भरलाय. फवारायला माणूस मिळत नाही, असं मी सांगतो. ते जोडपं विहिरीवर बोलावतं. काठावर तिचा गिलास पालथा दिसतो. मी जात नाही. इथूनच मनात भाव वाढवत बसतो. 'नाही' म्हणायला आता समोर कोणी नाही.