झाडाखाली न बसणारा रामप्रसाद

रामप्रसाद खरात झाडाखाली बसत नाही. टपरीवरचा चहा उभ्यानं पितो. मोटारसायकल उन्हात लावतो. आधी आम्हाला याची गंमत वाटायची.

तो शहागडजवळच्या एका वस्तीवरचा, धनगराच्या घरातला. वडील राधाकिसनकाका अजून मेंढरं राखतात. रामप्रसाद कोकणात राहून वानिकीची पदवी घेऊन आला. नंतर झाडांच्या तपासणीचा वेगळा अभ्यास केला, त्याची परीक्षा दिली. जालन्यात झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेतली आणि पाटी लावली : वृक्ष सल्लागार. झाड उभं राहील का, ठेवावं की काढावं, कुठली फांदी उतरवावी, हे तो तपासून लिहून देतो. खाली सही करतो, शिक्का मारतो. त्याची फी घेतो.

लोकांचं अडायचं ते फीपाशी. झाडाची नाडी कुठं असती, असं विचारून हसायचे. राधाकिसनकाका तर म्हणाले, "माझी उमर गेली झाडाकडं बघण्यात. मला न्हाई कुणी रुपाया दिला."

मी मराठीत एम.ए. करून घरी बसलो होतो. अहवाल नीट लिहायला त्याला कुणीतरी हवं होतं. म्हणून मी त्याच्याबरोबर फिरू लागलो, आणि म्हणूनच नथमल सेठच्या आवारात होतो.

नथमल सेठचा बियाण्यांचा व्यापार. शहरातल्या त्यांच्या जुन्या गोदामाच्या आवारात एक मोठा कडुलिंब आहे. त्या वर्षी जैन स्थानकाची दुरुस्ती चालू होती, म्हणून चातुर्मासातली प्रवचनं सेठच्या आवारात ठेवली होती. लिंबाखाली पत्र्याचा मांडव घातला होता. रोज सकाळी महासतीजींचं, म्हणजे जैन साध्वींचं, प्रवचन, आणि समोर शंभरेक माणसं. बहुतेक म्हाताऱ्या बाया. सगळ्यांत पुढं सेठची आई, जमनाबाई.

एका सकाळी मनगटाएवढी फांदी पत्र्यावर पडली. कुणाला लागलं नाही. पण सेठचा मुलगा अर्पित घाबरला आणि त्यानं रामप्रसादला बोलावलं.

रामप्रसादनं लाकडी हातोड्यानं बुंधा ठोकत एक फेरी मारली. एका बाजूनं आवाज भरीव येत होता. दुसऱ्या बाजूनं रिकाम्या पिंपासारखा. बुंध्याभोवती सेठनी हौसेनं सिमेंटचा ओटा बांधला होता, वर फरश्या. त्यात पाणी मुरून बुंधा कुजत चालला होता. वर गेल्यावर झाडाची दोन खोडं होत होती. त्यातलं एक मांडवावर आडवं गेलेलं, आणि जोडावर चीर. तो शिडीवरून खाली आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

त्यानं सेठना सांगितलं की हे आडवं खोड उतरवा. ते होईपर्यंत खाली कुणी बसू नका.

सेठनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की चातुर्मासात आमच्यात हिरवं पान तोडत नाहीत, तू खोड तोडायला सांगतोस. कार्तिकी पुनव झाली की दुसऱ्या दिवशी उतरवू. मांडव हलवायचा तर दुसऱ्या बाजूला ट्रक लागतात, मोसम चालू आहे. त्यांनी खिशातून काही नोटा काढल्या.

"हे पेट्रोलचं घे. लिहून-बिहून काही नको देऊ."

"पेट्रोलचं नको सेठजी. फी द्या. मी लिहून देतो."

"अरे, आपल्या घरच्यासारखा तू. घरच्याला फी असती का?"

रामप्रसादनं नोटा घेतल्या नाहीत. आम्ही बाहेर गाडीपाशी आलो. मी म्हणालो, एवढा मोठा सेठ आणि एवढ्याशा फीसाठी जीव जातो त्याचा.

"पैशाचं न्हाई ते," तो म्हणाला. "फी दिली की पावती होती. पावती झाली की त्यांनी ऐकलं असं होतं. फुकटचं बोलणं ऐकलं काय, न्हाई ऐकलं काय."

दोन-तीन दिवसांनी कळलं की सेठनी पुंजारामला बोलावलं होतं. पुंजाराम झाडतोडीचा ठेकेदार. त्यानं खालूनच पाहिलं आणि सांगितलं, लिंब आहे, शंभर वर्षं हलत नाही. त्यानं काही घेतलं नाही. चहा पिऊन गेला.

मग सेठचा फोन आला. आवाज अगदी गोड होता. एमआयडीसीत त्यांच्या मेहुण्याची लोखंडाची मिल होती. तिच्या कुंपणालगत जुनी झाडं होती, सगळी तपासायची होती. बराबर फी मिळणार होती, आणि या लिंबाचीही. फक्त एक ओळ लिहून द्यायची : पुढचे चार महिने धोका नाही. प्रवचनाला येणारी माणसं विचारून राह्यलीत, त्यांना दाखवायला कागद हवा.

रामप्रसादनं कागद लिहून दिला नाही. पण त्या दिवसापासून तो रोज सकाळी गोदामासमोरच्या रस्त्यावर उभा राहू लागला. मीही उभा राहायचो. आतून महासतीजींचा आवाज यायचा. वारा आला की रामप्रसाद माझा दंड धरायचा. बोटं रुतायची. वारा थांबला की सोडायचा. मी त्याला विचारलं, सेठ ऐकत नाहीत, पुंजाराम भीत नाही, मग तूच का मरतोस?

"शिकल्यानं झालं हे. आधी झाड नुसतं दिसायचं. आता पडताना दिसतंय."

खोलीचं भाडं थकलं होतं. दुसरं काम नव्हतं. राधाकिसनकाका म्हणत होते, लिहून दे, सेठ मोठा माणूस आहे, देव बघून घेईल. एका सकाळी रामप्रसाद मला घ्यायला आला तेव्हा त्याच्या पिशवीत शिक्का होता. म्हणाला, "चल. टाकू लिहून." मी गाडीवर मागं बसलो. मला वाटलं, त्याची सुटका होईल.

प्रवचन अजून सुरू झालं नव्हतं. बाया बसल्या होत्या. सेठ मांडवाच्या कडेला कागद घेऊन उभेच होते. रामप्रसाद मांडवाबाहेर थांबला. त्यानं कागद घेतला, पेन घेतलं. जमनाबाईंनी त्याला पाहिलं.

"झाड बघणारा तूच ना बेटा? उभ्यानं काय लिहितो? ये, इथं बस."

त्यांनी आपल्या शेजारची सतरंजी हातानं साफ केली. ती जागा बरोबर त्या आडव्या खोडाखाली होती.

रामप्रसाद हलला नाही. सेठ हसून म्हणाले, "जा, मांजी बोलावून राह्यल्या." त्यानं एक पाऊल टाकलं आणि तिथंच थांबला. त्याची मान आपोआप वर गेली होती. चेहरा राखेसारखा.

जमनाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी वर पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडं.

"तू न्हाई बसणार इथं?"

"न्हाई, मांजी."

"का?"

"भ्या वाटतं."

जमनाबाईंनी शेजारणीचा खांदा धरला आणि उठल्या. त्या उठल्या म्हणून शेजारीण उठली. मग रांगच्या रांग उठली. घाईनं नाही, गुडघ्यांवर हात ठेवून, एकेक. रामप्रसाद पुटपुटत होता, जल्दी, जल्दी. मला ते ऐकू येत होतं. शेवटची बाई पत्र्याबाहेर पडेपर्यंत मी श्वास धरून होतो.

"नथमल, याची फी दे," जमनाबाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर दे. आणि ट्रक रस्त्यावर लाव."

सेठनी फी दिली. रामप्रसादनं अहवाल दिला. त्यात खरं तेच होतं. मांडव हलला. खाली कुणी जाऊ नये म्हणून लिंबाभोवती दोर बांधला गेला.

आणि झाड पडलं नाही. श्रावण गेला, भाद्रपद गेला. परतीच्या पावसात जोराचे वारे सुटले, तरी नाही. बाजारात लोक रामप्रसादला विचारायचे, लिंबाची तब्येत कशी आहे? सेठ दिसले की म्हणायचे, "उभाच आहे की रे तुझा पेशंट." तो मान खाली घालायचा. पडावं असं त्याला वाटत नव्हतं. उभं आहे याचंही त्याला बरं वाटत नव्हतं. तोच वाळत चालला होता.

कार्तिकी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी खोड उतरवायला पुंजारामच आला. रामप्रसादनं त्याला सांगितलं, कमरेचा दोर या खोडाला बांधू नको, दुसऱ्याला बांध. पुंजाराम डॉक्टर-डॉक्टर म्हणत त्याची थट्टा करत वर चढला. पण दोर त्यानं दुसऱ्या खोडाला बांधला. टोकाकडच्या एका फांदीला करवत लावली. चार-पाच हात मारले असतील. कट् असा आवाज झाला आणि सगळं खोड जोडापासून सुटून खाली आलं. ओट्याच्या फरश्या उडाल्या. जमीन पायाखाली हादरली.

धूळ बसली तेव्हा पुंजाराम दोराला लोंबत होता. त्याला खाली घेतलं. खोडाचं तोंड आमच्याकडं होतं. आत काळा भुसा होता.

सेठनी तो भुसा बोटांनी उकरून पाहिला. मग त्यांनी मेहुण्याला फोन लावला आणि मिलच्या झाडांचं पक्कं केलं. फी विचारली नाही.

रामप्रसाद गोदामाच्या भिंतीमागं जाऊन बसला. मी पाणी दिलं. म्हणालो, तू बरोबर होतास.

"पेन हातात होतं माझ्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिलवर गेलो. जेवणाची सुट्टी होती. कुंपणालगतच्या झाडांखाली कामगार डबे उघडून बसले होते. रामप्रसादनं हातोडा पिशवीतून काढलाच नाही. आधी त्यांच्यापाशी गेला आणि हात जोडून म्हणाला, भाऊ, जरा उन्हात बसता का?