जर्मनचा हार

चिंचवडला आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक छोटं वर्कशॉप होतं. तिथे ॲल्युमिनियमच्या वस्तूंना रंग चढवायचे: रेडिओची बटणं, मशीनवरच्या पट्ट्या, असलं काहीबाही. मॅट्रिकनंतर मला तिथे काम लागलं. जॉब, म्हणजे रंगवायच्या वस्तू, तारेने फ्रेमला बांधायचे, एवढंच. फ्रेम ॲसिडच्या टाकीत सोडून करंट द्यायचं काम चाचांचं. चाचा वडिलांच्या ओळखीचे आणि कमालीचे कमी बोलणारे.

बटणं कापून उरलेला पत्रा भंगारात जायचा. एका दुपारी मी त्यातला एक तुकडा गुपचूप फ्रेमच्या कोपऱ्याला बांधला. टाकीतून निघाल्यावर तो निळ्या रंगात बुडवला, मग उगीचच अर्धा लालमध्ये. वर काढला तर एका टोकाला मोरपंखी, दुसऱ्या टोकाला वांग्याच्या फुलासारखा जांभळा. मधे तर रंगांचा असा काही गोंधळ की मी एकटीच हसत सुटले.

"काय हाय ते?" चाचा मागेच उभे.

मी घाबरून तुकडा पुढे केला. त्यांनी तो दारातल्या उन्हात धरून बराच वेळ फिरवला.

"कानातलं होईल याचं," ते म्हणाले. "पण कडा घास आधी. नायतर कान कापशील."

दुसऱ्या दिवशी चाचांनीच कात्रीने कापलेली पिंपळपानं आणली. मग काय, आम्हा दोघांना वेडच लागलं! जेवणाच्या सुट्टीत कधी पानं, कधी मासे, कधी नुसतेच वाकडेतिकडे तुकडे. दोन तुकडे कधी सारखे निघाले नाहीत. ताईचा साखरपुडा ठरला, तेव्हा मी बावीस पानांचा हार करायला घेतला. शेवटच्या दिवशी सुट्टीचा भोंगा झाला आणि मी हार तसाच पिशवीत टाकून पळाले.

आईने तो पाहून कपाळावर हात मारला. ॲल्युमिनियमला ती जर्मन म्हणायची. "जर्मनचा? अगं, लोक म्हणतील पोरीनं पातेलं गळ्यात घातलंय!"

साखरपुड्याला मी तो घातलाच.

मुलाकडची मंडळी मोशीची. त्यांच्या आत्याबाईंचा दरारा आम्ही ऐकून होतो. त्या थेट माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"कुठल्या सोनाराचं गं?"

"सोनार नाही, आत्याबाई. आमच्या कंपनीत केलाय मी. जर्मनचा आहे."

"जर्मनीवरनं आणलास व्हय?"

"नाही हो, पातेल्याचं जर्मन!"

त्यांनी हार माझ्या गळ्यातून काढला, तळहातावर तोलला आणि खदाखदा हसल्या. "आगं, ह्याला वजनच न्हाई! माझं सोनं मान मोडतंय बघ." असं म्हणून हार स्वतःच्या गळ्यात घालून त्या पंगतीला बसल्या.

मे महिना, मांडवात वारा नाही. जिलबी वाढता वाढता मी पाहिलं, तर आत्याबाईंच्या गळ्याभोवती जांभळी पानं उमटलेली, एकाखाली एक. रंग दिल्यावर जॉब अर्धा तास उकळायचा असतो, म्हणजे रंग आत कोंडला जातो. तेच राहिलं होतं!

मी तशीच जाऊन सांगून टाकलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याबाईंनी आरसा मागवला, गळा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला.

"आता गं बया! फुकटात गोंदून मिळालं की!" आणि त्यांना जे हसू फुटलं, ते पंगतभर पसरलं. ताई हसली, होणारे मेहुणे हसले, शेवटी आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

मग आचाऱ्याला विनवून चुलीवर वेगळ्या पातेल्यात पाणी ठेवलं. त्यात हार. आत्याबाई पाटावर बसून राखण करत होत्या. कोणी विचारलं, काय शिजतंय, की म्हणायच्या, "दागिना. आजून कच्चा हाय."

हार जरा फिका झाला, पण पक्का झाला. तो माझ्याकडे परत आलाच नाही. आत्याबाई तो गळ्यात मिरवत मोशीला घेऊन गेल्या, शिवाय आम्ही मासेही करतो हे कळल्यावर निघताना "जावांना पण पायजेल, माशांचे कर" म्हणून त्यांनी बजावलं.

सोमवारी चाचांना सगळं सांगितलं. ते टाकीचा काठ धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग दोघं मिळून परवानगी मागायला मालकांपुढे गेलो. चाचांनी खिशातून एक मासा काढून दिला, मालकांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला.

"भंगार आहे ना? करा," ते म्हणाले. "हा मी घरी नेतो."

त्या आठवड्यात मी अठरा मासे केले. उकळून.