भंडारा लावलेला पाय

कार्तिक वद्य पंचमी, मंगळवार. कपडे वाळत घालून झाले होते आणि मी गच्चीवर बसून ॲपमध्ये घरोघरची माहिती भरत होते. आमच्या आण्याच्या पठारावर रेंज उंचावर मिळते, त्यामुळे माझं आशा सेविकेचं निम्मं काम गच्चीवरच होतं. बाळंतपणं, लसी, कुणाची शुगर, कुणाचा बीपी. चौकटीत आकडा बसला की ॲप हिरवी खूण करतं आणि पुढचं घर उघडतं.

तेवढ्यात फोन वाजला. वरच्या वस्तीवरच्या मेंढपाळांच्या घरातली सून बोलत होती.

"ताई, येता का? मामंजींचा पाय त्या मोबाईलवरच्या डॉक्टरला दाखवायचाय."

हिच्या सासऱ्याला चार-पाच वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या घेतो, विसरतो, परत घेतो. महिनाभरापूर्वी तळव्यात बाभळीचा काटा मोडला आणि त्याला पत्ताच नाही. शुगर जुनी झाली की पायाची जाणीव जाते. काटा सुनेला दिसला, तिनेच काढला. जखम मात्र भरेना. दवाखान्यात चला म्हटलं की म्हातारा म्हणायचा, दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाली आणि आता बुधवारी पहाटे त्यांची मेंढरं माळशेज उतरून कोकणात निघणार होती. पावसाळ्यापर्यंत परत येणं नाही. व्हिडिओवर डॉक्टर दिसतो आणि बोलतो हे मी त्या घरात सांगून ठेवलं होतं. सुनेने बरोबर लक्षात ठेवलं.

मी स्कूटी काढली.

जाऊन बघते तर अंगणात सतरंजी अंथरलेली. म्हातारा अंघोळ करून, धुवट धोतर नेसून, लाल पटका बांधून बाजेवर बसलेला. समोर पाटावर तांब्या, तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल आणि मोबाईलपुढे बशी झाकलेला चहाचा कप.

"हा कुणाला?"

"डॉक्टरला," सून म्हणाली. तिचं तिलाच हसू आलं. "मामंजी म्हनले, पावणं दारात आल्यावर चा नको का?"

"त्याला पिता येत न्हाई हे मला बी कळतं," म्हातारा म्हणाला. "पर रीत हाय."

चहा निवायच्या आत मी पिऊन टाकला. अंगणात रेंज नव्हती. मी आणि सुनेने बाज उचलून मागच्या बांधावर नेली. म्हातारा एका पायावर उड्या मारत मागोमाग आला आणि वर आम्हालाच सांगत होता, "सावकाश, बाज नवी हाय." बांधावर दोन काड्या आल्या. नंबर लागायला वेळ गेला, चित्र दोनदा अडकलं, मग एक तरुण डॉक्टरीण दिसली. पुण्यात कुठेतरी पंख्याखाली बसलेली. नीट बोलली. शुगर किती, गोळ्या कुठल्या, जखम कधीची, सगळं शांतपणे विचारलं.

"काका, आता पाय कॅमेऱ्यासमोर आणा."

पाय समोर आला. अख्खा तळवा पिवळाजर्द.

"हा पू आहे का?" तिने चटकन विचारलं.

"पू न्हाई बाई. भंडारा हाय. देवाचा."

सकाळी पूजा करून त्याने मूठभर भंडारा जखमेत दाबला होता. वाटेला लागायच्या आधी देवाचा भंडारा कपाळाला, मेंढरांच्या पाठीला आणि जिथे दुखतं तिथे लावायचा, ही त्यांची जुनी चाल. ती मला ठाऊक होती. डॉक्टरला कशी असणार? तिच्या पडद्यावर फक्त पिवळा रंग होता.

"पुसून दाखवता का, काका? मला जखम दिसत नाहीये."

"देवाचा भंडारा पुसत न्हाईत."

सून माझ्याकडे बघायला लागली. अशा वेळी वाद घालून उपयोग नसतो, माणूस आणखी घट्ट होतो.

"आबा," मी म्हटलं, "देवळात शिरताना तुम्ही पाय धुता का तसेच जाता?"

"धुतोच की."

"मग धुतलेल्या पायाचा देवाला राग येतो का? आज धुऊन डॉक्टरला दाखवा. उद्या पूजा झाली की परत कपाळाला लावा. जखमेत मात्र घालू नका."

"लई वकिली करती ही," तो सुनेला म्हणाला, पण पाय पुढे केला.

सुनेने तांब्याने पाणी सोडलं. पिवळं ओघळून गेलं आणि खालची जखम दिसली. अंगठ्याखाली खोल, कडेला काळी पडलेली. मी फोन जवळ धरला.

"ताई, वास येतोय का?" डॉक्टरने विचारलं.

येत होता. फोन हातात घेऊन मी वाकले तेव्हाच आला होता. तसं सांगितलं. मग तिच्या सांगण्यावरून कापसाच्या बोळ्याने जखमेच्या बाजूला दाबलं.

"काका, कळतंय?"

"काय कळतंय?" म्हातारा म्हणाला. तो मेंढवाड्यातल्या मेंढरांकडे बघत होता.

डॉक्टरने आडपडदा ठेवला नाही. "काका, उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात जा. आत्ता गेलात तर एखाद्या बोटावर निभावेल, कदाचित तेही वाचेल. अशा पायाने महिनाभर चाललात तर पाय राहील असं मी म्हणू शकत नाही." औषधांची चिठ्ठी मेसेजने पाठवते म्हणाली आणि चित्र गेलं.

मेसेज आला तोही आमच्याकडे नाही. नोंदवलेला नंबर मुलाचा. मुलगा पुढे जाऊन मुरबाडकडे चराई ठरवत होता. आमच्याकडे निम्म्या घरांची हीच गत आहे. बाईच्या तपासणीची तारीख नवऱ्याच्या खिशात वाजते, म्हातारीचा रिपोर्ट चाकणला ड्यूटीवर असलेल्या नातवाकडे पोचतो. मुलाला फोन लावून चिठ्ठी परत मागवली, तेव्हा कुठे औषधांची नावं कळली.

"मी जानार," म्हातारा म्हणाला. "कळपाम्होरं कोन चालंल? ही आन माजा भाऊ, दोघंच. घाटात एक मेंढरू बिथारलं तर समदी खाली."

"लंगडं मेंढरू मामंजी कवा वाटंला लावत न्हाईत," सून माझ्याकडे बघून म्हणाली, पण ऐकवायचं त्यालाच होतं. "मागं ठिवत्यात, खुराला दवा लावत्यात. सोताची पाळी आली की घाट."

"मेंढराला खायाबिगर काय काम असतं? मला हाय."

"आमी बगू घाटाचं."

"तू बगनार!"

तिने बाजेची एक बाजू धरली आणि मी दुसरीकडून उचलायची वाट बघत उभी राहिली.

घरी येताना हेच डोक्यात होतं. पूर्वी डॉक्टरला पाय दाखवायचा म्हणजे आळेफाट्याला जायचं, रांग, एसटी, अख्खा दिवस. म्हणून माणसं जातच नसत. आज शहरातली डॉक्टर बांधावर आली आणि खरं तेच बोलली. तिच्यावाचून मला एवढं ठामपणे सांगता आलं नसतं, मी सांगून त्याने ऐकलंही नसतं. पण फोनला दाखवाल तेवढंच दिसतं. भंडारा धुवायला, वास घ्यायला आणि सांगितलेलं पार पाडायला कुणीतरी बाजेशेजारी लागतंच. ॲपमध्ये मी त्या घरासमोर "संदर्भित केले", म्हणजे पुढच्या दवाखान्यात पाठवलं, असं भरलं. हिरवी खूण आली. म्हातारा दवाखान्यात पोचला की नाही, हे त्या खुणेला कळत नाही. तो पहाटे कुठल्या वाटेला लागेल याची मला खात्री नव्हती.

बुधवारी उजाडायच्या आत डबे केले आणि वस्तीवर गेले. कळप निघाला होता. पुढे सून, हातात काठी, डोक्याला फडकं गच्च बांधलेलं. मागे घोड्यावर बिऱ्हाड आणि म्हाताऱ्याचा भाऊ. म्हातारा त्यांच्यात नव्हता. मला बरं वाटलं, ते क्षणभरच. रस्त्याला लागले तर तो कडेने एकटाच चालत होता, वहाणा घालून, खांद्यावर घोंगडी. तोंड कळपाच्या दिशेला.

मी स्कूटी त्याच्या पुढ्यात आडवी लावली.

"नुसता वळणापातूर जातो," तो म्हणाला.

"बसा मागं."

"आन पाय कापला तर?"

"कापू देणार नाही असं मी म्हणत नाही. विचारून, समजून, मगच सही करू. मी थांबते तिथं."

तो उभाच राहिला. मी गाडी बंद केली नाही. मग त्याने घोंगडी माझ्या हातात दिली आणि एका हाताने माझा खांदा धरून मागे बसला. मी घोंगडी पुढे पायाशी ठेवली, त्याचा जखमेचा पाय पायदानावर नीट टेकलाय हे वाकून बघितलं आणि गाडी आळेफाट्याच्या दवाखान्याकडे वळवली.